आत्याच्या खोलीतील आवाज

यंत्र बंद पडणे आणि यंत्राने आपण होऊन स्वतःला बंद करून घेणे या दोन गोष्टी वरकरणी सारख्या दिसत असल्या, तरी त्यांच्यात आजार आणि सावधपणा यांच्याइतके अंतर आहे. बंद पडलेल्या यंत्रापुढे माणूस हतबल होतो, आणि स्वतःला बंद करून घेणाऱ्या यंत्रावर तो चिडतो. वास्तविक पाहता चिडण्याचे कारण नाही. ज्याला आपण होम थिएटरचा रिसीव्हर म्हणतो, त्या जड काळ्या पेटीत एक छोटा पहारेकरी बसवलेला असतो. स्पीकरकडे जाणाऱ्या तारांत काही विपरीत घडत आहे असे त्याला वाटले, की तो 'टक्' असा आवाज करून रिले उघडतो, तारांचा आणि यंत्राचा संबंध तोडतो आणि लाल दिवा लुकलुकवू लागतो. घर जळू नये, स्पीकरमधील बारीक वेटोळे करपू नये, महागडे ट्रान्झिस्टर फुटू नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था. मात्र आपल्याला नेमके काय दिसले हे तो पहारेकरी कोणाला सांगत नाही, आणि सारी अडचण तेथेच सुरू होते.

आमच्या घरी हा रिसीव्हर २०२० साली आला. आखातात नोकरीला असलेल्या भाच्याने तो आपल्यासाठी घेतला होता. पुढे त्याने घर बदलले आणि पेटी वसईला आमच्याकडे पोहोचती केली. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली, देवळांची दारे बंद झाली आणि मिस्सा पडद्यावर आली. २७ मार्च २०२० रोजी पावसात भिजणाऱ्या रिकाम्या संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिले, ते दृश्य आम्ही याच यंत्राच्या आवाजात पाहिले. पुढे देवळे उघडली, आम्ही सारे आपापल्या बाकांवर परतलो. परतली नाही ती एकटी आत्या.

आत्याचे वय आता ८६. अनेक वर्षे ती आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात गात असे. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली, आणि काचबिंदूने तिच्या दृष्टीत खिडकीचा उजेड तेवढा शिल्लक ठेवला. कानही मंदावले. हल्लीच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा पाठीमागे किंवा खाली तोंड करून असतात. त्यांतून निघणारे शब्द भिंतीवर आणि जमिनीवर आपटून मगच ऐकणाऱ्याकडे येतात. तरुण कानांना त्याने फरक पडत नाही. आत्याला मात्र त्यातला केवळ गोंगाट ऐकू येई, शब्द नव्हे. म्हणून वायरमनकडून आम्ही एक सोय करवून घेतली. रिसीव्हरला स्पीकरांच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्या लावता येतात. 'ए' जोडी दिवाणखान्यात ठेवली. 'बी'पैकी एक तार भिंतीत खाच पाडून, वर गिलावा करून आत्याच्या खोलीत नेली आणि तिच्या उशाशी एक चांगला स्पीकर बसवला. देवळातील मिस्सा धर्मग्रामातर्फे आजही प्रसारित होते. रविवारी सकाळी फादरांचा आवाज आत्याच्या कानाशी वीतभर अंतरावरून येऊ लागला आणि ती बिछान्यातून खणखणीत उत्तरे देऊ लागली.

चार वर्षे हे सुरळीत चालले. नंतरच्या पावसाळ्यात पहारेकऱ्याने 'टक्' करायला सुरुवात केली.

प्रथम आठवड्यातून एकदा, पुढे प्रत्येक रविवारी. घरात जितकी माणसे, तितके तर्क. एकाच्या मते यंत्र म्हातारे झाले, दुसऱ्याच्या मते विजेचा दाब कमी पडतो. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी तर परदेशी यंत्राला आपली हवा मानवत नाही असा निर्वाळा दिला. (माणसांबद्दलही हेच म्हणणारे गृहस्थ ते, असो.) आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे, परंतु तरुणपणी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रेडिओ जुळवण्याचा नाद होता. त्या नादाने एक गोष्ट शिकवली होती : यंत्र बंद होते एवढे म्हणून भागत नाही, ते केव्हा बंद होते हे विचारावे लागते.

कारण वेळ हीच यंत्राची भाषा. बटण दाबताच दोन-चार क्षणांत पेटी बंद होत असेल आणि स्पीकरांच्या साऱ्या तारा काढल्यावरही तेच घडत असेल, तर बहुधा आतला ट्रान्झिस्टर निकामी होऊन एकदिश विद्युतप्रवाह बाहेर येत असतो. तेथे घरगुती उपाय चालत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने, पेटी हाताला चटका देऊ लागल्यावर ती बंद होत असेल, तर दोष उष्णतेचा. अशा यंत्रात ओढलेल्या विजेचा मोठा हिस्सा आवाज न होता नुसती उष्णता होऊन जातो, आणि ती वर निघून जाण्यासाठी झाकणावर मोकळी जागा लागते. आवाज वाढवताच बंद होत असेल, तर तारा, स्पीकर किंवा वीजपुरवठा यांपैकी कोठेतरी गोम असते. आणि सगळे शांत असताना नेमक्या ठरावीक मिनिटांनी बंद होत असेल, तर तो दोषच नव्हे. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या एका नियमामुळे २०१३ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांना काम नसताना आपोआप झोपी जावे लागू लागले. ती सवय जगभरच्या पेट्यांना लागली आहे आणि मेनूत जाऊन ती मोडता येते.

आमची पेटी यांपैकी कोणत्याही वर्गात बसेना. ती बोलता बोलता थांबे, तेव्हा झोपेचा प्रश्न नव्हता. तिच्यावर आत्याने दृष्टी शाबूत असताना विणलेला क्रोशाचा रुमाल होता आणि त्यावर पवित्र मातेचा छोटा पुतळा. दोन्ही आम्ही आदराने फडताळावर हलवले. झाकण जेमतेम कोमट होते; रुमाल निर्दोष ठरला, तरी तो परत ठेवला नाही. टीव्ही आणि रिसीव्हर एकाच तारेने एकमेकांना चालू-बंदचे हुकूम देतात, म्हणून ती देवघेव बंद करून पाहिली. मल्टीमीटरने घरचा दाब मोजला, तो २२६ व्होल्ट भरला, म्हणजे तक्रारीला जागा नाही. भाच्याने दूरध्वनीवरून वेगळी शंका काढली. 'ए' आणि 'बी' एकदम चालवले, की आठ ओहमचे दोन स्पीकर मिळून यंत्राला चार ओहमचे भासतात, आणि रोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट होतो. शंका रास्त होती. आम्ही 'ए' बंद ठेवून केवळ आत्याचा स्पीकर चालवला. त्या रविवारीही, ख्रिस्तशरीर उंचावताना घंटा वाजली आणि पाठोपाठ 'टक्'.

ते 'टक्' आम्हांला दिवाणखान्यात ऐकू येई आणि आतल्या खोलीत अचानक शांतता पसरे. सुरुवातीला आत्या थांबत नसे. ती मनाने मिस्सा पुढे चालवी; आम्ही बटणे दाबून आवाज परत आणीपर्यंत ती 'हे आमच्या स्वर्गीय पित्या'पर्यंत पोहोचलेली असे, आणि फादर तिच्या मागे पडलेले असत. पुढे पुढे मात्र आवाज गेला की तीही गप्प बसू लागली. आम्ही ते पाहिले आणि वयाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

अखेर पेटी शहरातल्या एका दुरुस्ती केंद्रात नेली. तेथील तरुणाने झाकण न उघडताच "बोर्ड गेला असणार" असे निदान केले आणि नव्या बोर्डाची जी किंमत सांगितली, तीत एक साधा टीव्ही आला असता. पेटी नऊ दिवस तेथे राहिली. दहाव्या दिवशी "आमच्याकडे एकदाही बंद झाली नाही" अशा शेऱ्यासह परत आली. तपासणीचे शुल्क अर्थात घेतले गेले. त्या शेऱ्यात सारे उत्तर दडले होते. पेटी तेथे नेली होती. तारा, भिंत आणि आत्याची खोली काही नेली नव्हती.

त्या नऊ दिवसांत एक रविवार आला. धाकट्या नातीने, ती सातवीत आहे, आत्याच्या पलंगाशी बैठक मारली. मोबाइलवर कमी आवाजात मिस्सा लावून ती एकेक वाक्य आत्याच्या कानाशी मोठ्याने म्हणू लागली. शुभवर्तमान तिने वाचून दाखवले आणि प्रवचन आपल्या शब्दांत सांगितले. ते मूळ प्रवचनापेक्षा पुष्कळ आटोपशीर होते असे आमचे मत आहे. त्या सकाळी आत्या बोलकी झाली. यंत्राने मिस्सा घरात आणली खरी, पण यंत्र आल्यापासून रविवारी सकाळी त्या खोलीत कोणी बसेनासे झाले होते, हेही तेव्हा ध्यानात आले.

येथे संत क्लारा आठवते. असिसीजवळच्या सान दामियानो मठात आजारी पडलेली क्लारा १२५२ सालच्या नाताळच्या रात्री उठू शकली नाही. भगिनी तिला एकटी सोडून प्रार्थनेला गेल्या. त्या एकांतात दूरच्या संत फ्रान्सिसच्या मंदिरातील उपासना तिला आपल्या खोलीत ऐकू आली, अशी साक्ष तिच्या संतपदाच्या चौकशीत नोंदली गेली. त्याच कारणाने बाराव्या पायस यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत घोषित केले. त्याच पोपमहोदयांनी आदल्याच वर्षी, १९५७ च्या 'मिरांदा प्रोर्सुस' या परिपत्रकात, पडद्यावरील मिस्सा पाहणे म्हणजे प्रत्यक्ष मिस्साबलिदानाला उपस्थित राहणे नव्हे, हेही बजावले होते. मात्र ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्या श्रद्धेला त्यातून बळ मिळते, असेही सांगितले होते. या दोन वाक्यांच्या मधोमध आमच्या आत्याचा पलंग होता. क्लाराला तारांची गरज पडली नाही. आम्हांला पडते, आणि तारा म्हटल्या की भिंती आल्या.

पेटी परत आल्यावर आम्ही शास्त्रशुद्ध मार्ग धरला. यंत्र बंद करून, प्लग काढून, पाठीमागच्या स्पीकरच्या साऱ्या तारा सोडवल्या. नुसती पेटी दोन तास आवाज वाढवून चालवली. दिवा हलला नाही. मग एकेक तार जोडत गेलो. प्रत्येक तारेची टोके पिळून एकही सुटा तंतू शेजारच्या खुंटीला शिवणार नाही हे पाहिले, कारण केसाएवढा एक तंतू लाल-काळ्या खुंट्यांच्या मध्ये लोंबकळला, तरी पहारेकऱ्याला तेवढे पुरते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने तांबे हिरवट पडले होते. ते कापून चकचकीत केले. डावा स्पीकर लावला, ठीक. उजवा लावला, ठीक. शेवटी आत्याची तार. स्पीकर सोडवून तिची दोन्ही टोके मोकळी केली आणि मल्टीमीटर लावला. दोन तारा एकमेकींना कोठेही शिवत नसतील, तर मापकाने काही दाखवू नये. त्याने काही दाखवले नाही. स्पीकरचा रोध सहा ओहमच्या आसपास आला. आठ ओहमच्या स्पीकरचा मापकावर तेवढाच येतो. म्हणजे यंत्र निर्दोष, तार निर्दोष, स्पीकर निर्दोष. आणि पुढच्या रविवारी पुन्हा 'टक्'.

जो दोष सतत असतो तो तासाभरात सापडतो. जो येतो आणि जातो, तो तपासणाऱ्याचा अंत पाहतो, कारण आपण पाहायला जावे तेव्हा तो घरी नसतो.

उत्तर नातीने आणले, आणि तिला ते उत्तर आहे हे ठाऊकही नव्हते. रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "आत्याआजी म्हणते, ती हात लावते म्हणून देव बोलायचा थांबतो."

घास हातात राहिला. आम्ही विचारले, "कशाला हात लावते?"

"क्रूसाला."

उलगडा असा झाला. तो क्रूस पूर्वी आत्याच्या उशामागे उंचावर होता. दृष्टी मंदावल्यावर तिला तो दिसेना, तेव्हा तिच्या आग्रहावरून सुताराने पावसाळ्याच्या तोंडावर तो काढून पलंगालगतच्या भिंतीवर, तिचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावला. गिलाव्यामागून कोणती तार गेली आहे हे त्या बिचाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांनी जे दिसत नाही ते आत्या बोटांनी पाहू लागली. मिस्सामध्ये घंटा वाजली की ती हात लांब करून क्रूसावरील प्रभूच्या पायांना स्पर्श करी. स्पर्श झाला की आवाज जाई. एकदा झाले, दोनदा झाले, पुन्हा पुन्हा झाले. तिने कोणालाही विचारले नाही. आपल्या हातून आयुष्यात कधीतरी असे काही घडले असावे, की आता प्रभू आपला स्पर्श नाकारतो आहे, अशी तिने समजूत करून घेतली. आवाज गेल्यावर ती गप्प का होत असे, ते आता कळले. पावसाळाभर ती हे मनात घेऊन पडून होती, आणि आम्ही पलीकडच्या खोलीत ओहम मोजत होतो.

तिच्या निरीक्षणात तिळमात्र चूक नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. यंत्र केव्हा बंद होते, या प्रश्नाचे बिनचूक उत्तर साऱ्या घरात तिच्या एकटीपाशी होते. तिने काढलेला अर्थ तेवढा आम्हांला पुसायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मल्टीमीटर घेऊन तिच्या पलंगाशी बसलो. या मापकात एक सोय असते : दोन टोकांमध्ये वाट जुळली की तो पीं पीं वाजतो. तारेची दोन्ही टोके त्याला लावली आणि म्हटले, "आत्या, क्रूसाला हात लाव."

ती हात पुढे करीना. "नको बाळा," म्हणाली.

"देवाचा आवाज नाही हा, खिळ्याचा आहे. लाव तू."

तिने बोटे टेकवली. काही झाले नाही. "नेहमी लावतेस तशी लाव." तिने पायांवर हात ठेवून जरासा भार दिला, आणि मापक वाजला. तिने हात मागे घेतला, मापक थांबला. पुन्हा दाबला, वाजला. आम्ही तिला समजावले : भिंतीत एकाच वेष्टनात शेजारी शेजारी दोन तारा गेल्या आहेत. सुताराचा खिळा एकीच्या पोटातून गेला आहे आणि दुसरीच्या कडेला टेकण्याच्या बेतात थांबला आहे. क्रूसावर भार पडला की खिळा किंचित कलतो आणि दोन्ही तारांना जोडतो. मग वीज स्पीकरपर्यंत न जाता खिळ्यातूनच परत फिरते. आठ ओहमच्या जागी यंत्राला जवळजवळ शून्य दिसतो. जेथे अडीच अँपियर वाहायचे तेथे पंचवीस वाहू पाहतात, आणि पहारेकरी दार लावून घेतो. यांतील किती तिच्या कानांपर्यंत पोहोचले कोण जाणे. परंतु तिने तो क्रूस ओळीने सात-आठ वेळा दाबला. प्रत्येक वेळी मापक वाजला की ती थांबून ऐके. नातीला हसू आवरेना. शेवटी आत्याने विचारले, "दुसऱ्या कोणी हात लावला तरी वाजेल?"

नातीने लावला. वाजला. आम्ही लावला. वाजला. आमच्या सौ. ओल्या हाताने स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनीही लावला. वाजला. आत्याने मान हलवली आणि चहा मागितला.

तारा, खिळा आणि क्रूस एवढी सामग्री समोर असता एखाद्या प्रवचनकाराला येथे तासाभराचा मजकूर सापडेल. आमचा तो अधिकार नाही.

राहिली दुरुस्ती. वायरमन म्हणाला, खिळा उपटून क्रूस हातभर बाजूला लावा, काम संपले. त्याचे म्हणणे सोपे होते. परंतु त्या खिळ्याने तारेचे वेष्टन फाडले होते, आणि पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल उद्या तेच काम खिळ्यावाचून करील. शिवाय आत्याच्या हाताला ती जागा पाठ झाली होती. तेव्हा क्रूस जागचा हलवायचा नाही आणि तार हलवायची, असे ठरले. जुन्या तारेची दोन्ही टोके कापून ती भिंतीतच मुकी करून टाकली. नवी जाड तार, १४ मीटर, छताच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून उघड्यावर नेली, म्हणजे यापुढे खिळा ठोकणाऱ्याला ती दिसेल. खर्च दुरुस्ती केंद्राच्या तपासणी शुल्काहून कमी आला.

त्यानंतर पेटी एकदाही बंद झालेली नाही. मिस्साच्या वेळी नात आता पलंगाशी बसते. ते तिने आपण होऊन ठरवले आहे, आणि आत्याची त्यावर एकच तक्रार आहे, की पोरगी उत्तरे फार भरभर देते.